कवींच्या कबरीतली उजवी बाजू

आमच्याकडे कुणी किचनचा ओटा करून घ्यायला आलं, की आमचे सर आधी माप घ्यायचे, मग दगडाचे नमुने दाखवायचे, आणि गिऱ्हाईक चहाचा पहिला घोट घेत असताना विचारायचे, "और आखिर में जाने का किधर सोचा है?"

गिऱ्हाईक बहुतेक वेळा म्हणायचं, "व्हेकेशन में? केरला."

"नहीं, नहीं. परमनंट."

माणूस कुठं पुरला जाणार हे ज्याचं ठरलेलं नाही, त्याला ओटा तरी कुठल्या रंगाचा हवा हे कसं ठरवता येणार, असं त्यांचं म्हणणं. एकदा अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या मालकाला, चांगल्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातल्या इमानदार अरबाला, त्यांनी पाऊण तास समजावलं की हा ग्रॅनाइट इथंच राहणार आहे, तुम्ही आणि मी नाही. मी ऑफिसच्या काचेआडून हात जोडत होते. तो माणूस शेवटी उठला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हबीबी, यू डू माय किचन. अल्लाह विल डू द रेस्ट." आणि जाता जाता दोन बाथरूमची पण ऑर्डर देऊन गेला. त्यानंतर त्यांना आवरणं कुणालाच शक्य झालं नाही.

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं मार्बल-ग्रॅनाइटचं वर्कशॉप होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला बोटींना रंग देणारे, मधे आम्ही आणि आमची धूळ. ते मॅनेजर, म्हणजे एस्टिमेट तेच करायचे, ड्रॉइंग तेच काढायचे आणि आरडाओरडाही तेच करायचे. मी ऑफिस कोऑर्डिनेटर, म्हणजे उरलेलं सगळं. मी सांगलीची, नवरा शारजात नोकरीला. इंटरव्ह्यूला गेले तर समोरचा माणूस मराठी निघाला, म्हणून मी मनातल्या मनात पेढे वाटले. त्यांनी माझा सीव्ही पालथा ठेवला आणि विचारलं, "कविता ऐकता का?"

मी म्हटलं, "हो, ऐकते की." नोकरीसाठी माणूस काय वाटेल ते बोलतो. त्या एका 'हो'ची शिक्षा मी पुढं कित्येक वर्षं भोगली.

ते वसईचे ख्रिस्ती. तिथल्या एका गावात त्यांची वाडी, वाडीत केळी आणि फुलझाडं, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या कविता, जसा एखाद्या घरात मधुमेह असतो. पणजोबा लग्नातली गाणी रचायचे. आजोबांनी गावातल्या प्रत्येक विहिरीवर एकेक कविता केली होती. दोन आत्या होत्या, त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकमेकींवर कविता करायच्या. हे सगळे आता चर्चच्या मागच्या दफनभूमीत एकाच कबरीत आहेत. दोन माणसं शेजारी मावतील अशी रुंद कबर. नवीन माणूस आला की आधीच्याची हाडं गोळा करून खालच्या कोनाड्यात ठेवायची, अशी तिथली पद्धत. गाव तिला 'कवींची कबर' म्हणतं. घरचा दंडक असा, की ज्यानं त्यानं आपल्या दोन-चार ओळी जिवंतपणीच लिहून ठेवायच्या आणि मेल्यावर त्या वरच्या दगडावर कोरायच्या. त्यामुळे दगड काठोकाठ भरलेला. त्यांचे एक काका मात्र बँकेत होते, आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. त्यांचं दगडावर नुसतं नाव आहे.

"घराण्याला डाग," ते सांगायचे, आवाज खाली आणून, जणू ते काका तुरुंगात जाऊन आले होते.

वर्कशॉपमधली पठाण आणि बिहारी मंडळी त्यांना 'शायर साब' म्हणायची. शायर साबच्या कमरेला कायम मेजरिंग टेप असायची आणि ते कुणालाही मोजायचे. नवा पीआरओ आला, शेकहँड झाला, आणि ते पुटपुटले, "पाच फूट नऊ. गुडघे जरा वाकवावे लागतील." मलाही मोजलेलं होतं. "तुमचा प्रश्न नाही, बाय, तुम्ही हिंदू, तुम्हाला माप लागत नाही," असं वर समाधानही केलं होतं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्या चहात साखर घातली नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या ओळी काही केल्या पुऱ्या होत नव्हत्या. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दोन ओळी झालेल्या होत्या, आणि त्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ होत्या:

"भाड्याच्या घरी उमर गेली, भाडे भरले वेळेवर;
मालक म्हणाला, 'यल्ला, आता जा आपल्या शेतावर.'"

'यल्ला' म्हणजे अरबीत 'चल'. पुढं गाडी अडलेली. रोज सकाळी ते पहिल्यापासून सुरू करायचे, 'शेतावर'पर्यंत यायचे, हात हवेत थांबायचा, आणि मग "हां, ते टायरवाल्याचं पार्किंग..." म्हणून दुसरीकडं वळायचे. आमचा दगड कापणारा उस्ताद पेशावरचा, त्याला मराठीचा गंध नाही, पण मशीन सुरू करताना तोही गुणगुणायचा, "मालक म्हनाला यल्ला." 'भाड्याच्या'च्या जागी मधे तीन महिने 'परक्याच्या' आलं होतं. मग एक दिवस घरमालकाने भाडं वाढवलं आणि 'भाड्याच्या' परत आलं.

आता ह्या सगळ्यात त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते मला कळलं ते त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा.

त्याच्या आधी एक गोष्ट झाली. त्या पावसाळ्यात वसईला वादळ झालं आणि दफनभूमीच्या कुंपणातला नारळ उन्मळून कबरीवर पडला. पुतण्याचा फोटो आला. दगडाचे सरळ दोन तुकडे. त्यांनी फोटो पाहिला आणि बॅग उचलून घरी निघाले. मी घाबरून विचारलं, "सर, घरी कुणी गेलं का?"

"सगळे," ते म्हणाले. "परत एकदा."

दुसऱ्या दिवशी आले ते उत्साहानं नुसते फुललेले. आपण दगडवाले, आपल्या पूर्वजांना आपणच नवा दगड घालणार. गावच्या फादरांशी फोनवर बोलणं झालं, जुन्या मापाचा दगड टाकायला त्यांनी परवानगी दिली. मग निवड सुरू झाली. इटलीचा नको, ब्राझीलचा नको, करता करता त्यांचा हात एका काळ्या ग्रॅनाइटवर पडला. मी लेबल वाचलं. दगड आंध्र प्रदेशातला.

"सर, हा इंडियातून इथं आला. आता इथून परत इंडियात पाठवायचा?"

"मग? माणसं काय करतात? इथं येतात, पॉलिश करून घेतात आणि परत जातात."

मी दगडाचा नंबर लिहून घेतला.

मग मेलेल्यांचं संपादन सुरू झालं. जुन्या दगडावरच्या ओळी नव्यावर घ्यायच्याच आहेत तर जरा नीट करून घेऊ, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. आजोबांचं दुसरं कडवं सैल होतं, ते आवळलं. पणजोबांचे दोन शब्द बदलले. धाकट्या आत्याच्या ओळीत थोरल्या आत्याच्या स्वयंपाकावर एक टोमणा होता, तो काढून टाकला, तेव्हा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असं युद्ध पेटलं की दोन घरांतले लग्नसंबंध धोक्यात आले. शेवटी टोमणा परत घातला. पूर्वजांना त्यांनी दगडाच्या चारी कडांनी बसवलं, साडीच्या काठासारखं, आणि मधली मोठी मोकळी जागा ठेवली स्वतःला.

तर ते जेवण. त्यांच्या बायकोनं फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव, आणि चिकनचा रस्सा केला होता. आंटी एका शाळेत लायब्ररी सांभाळायच्या. बोलणं मोजकं, आवाज मऊ, आणि एकदा नाही म्हटलं की नाही. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा सरांनी ताटं सरकवून टेबलावर ड्रॉइंग पसरलं. एका कोपऱ्यावर रश्श्याचं पातेलं ठेवलं, एका कोपऱ्यावर माझ्या नवऱ्याचा हात.

"हे बघ," ते आंटींना म्हणाले, "ही डावी बाजू माझी, ही उजवी तुझी. तू फक्त हो म्हण, तुझं नाव आत्ताच कोरून टाकतो. तारीख नंतर."

आंटींनी फुगा रश्श्यात बुडवला. "मी तिथं येणार नाही, तुम्हाला हजारदा सांगितलं."

"अगं, पण का?"

"का म्हणजे? तुमच्या त्या कबरीत सगळे बोलणारे. पणजोबा बोलणार, आजोबा बोलणार, दोघी आत्या भांडणार, आणि तुम्ही तर काय. ऐकायला कोण? मी एकटी. लग्न झाल्यापासून ऐकते आहे. मेल्यावर तरी मला गप पडू द्या."

"बँकवाले काका आहेत ना गप्प."

"ते बिचारे कंटाळून गेले असतील." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाय, माझं माहेर तिथून दोन मैलांवर. माझ्या भावानं आईच्या शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली आहे. आई माझी कमी बोलायची. मी तिथं जाणार."

माझ्या नवऱ्यानं ड्रॉइंगवरचा हात काढून घेतला.  इतकी वर्षं मी सरांना ओळखत होते, पण त्यांचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता. हसण्यावारी न्यायची गोष्ट ती, पण त्यांच्या दृष्टीनं बायको मेल्यावर माहेरी निघून जाणार होती, कायमची, आणि दोन मैलांवरून गाव ते बघणार होतं. मला एकदम वाईट वाटलं, आणि तोंडात फुगा असल्यामुळे ते दाखवताही आलं नाही.

ते हटणारे नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ऑफिसात कबरीचं सेक्शन ड्रॉइंग काढायला घेतलं. "पार्टिशन टाकतो," ते म्हणाले. इकडं व्हिलात खोल्यांचे तुकडे करून भाड्यानं देतात, तसं. डाव्या बाजूला कवी, उजव्या बाजूला ती, मधे जिप्सम, आत साउंडप्रूफिंग. त्यांनी खरोखर एका पार्टिशनवाल्याला फोन करून विचारलं, की ओल्या मातीत जिप्सम किती टिकतं. त्यानं विचारलं, "कितने आदमी रहेंगे?" सर म्हणाले, "एक तरफ छे-सात, दूसरी तरफ एक लेडी." तो म्हणाला, "म्युनिसिपालिटी पकडेगी, साब." आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मला मध्यस्थ केलं. मी आंटींना भेटून त्यांची बाजू मांडावी. मी मांडली. आंटींनी मला लिंबू सरबत दिलं आणि म्हणाल्या, "तू ऐकली आहेस ना ती कविता? किती वर्षं चालली आहे? संपते का ती? संध्याकाळी घरी आले की सुरू. 'मालक म्हणाला' आलं की मी किचनमध्ये जाऊन एक्झॉस्ट लावते. तो फॅन बिघडला दोनदा."  मी आपलं सरबत प्यायले आणि आले.

आणि अशात एक दिवस कविता पुरी झाली. म्हणजे त्यांच्या उरलेल्या ओळी आल्या. सकाळी ऑफिसात शिरले ते न बोलता. कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "टाइप करा. मोठ्या अक्षरात. कोरायचं टेम्प्लेट काढायचंय." मी टाइप केलं. वाचलं. वर बघितलं तर ते खिडकीतून टायरवाल्याकडं बघत होते. मी म्हटलं, "सर, छान झालंय," आणि ते मी नोकरीसाठी म्हटलं नव्हतं.

कोरायच्या आधी दगड मापात कापून घ्यायचा होता. ड्रॉइंग त्यांनी हातानंच काढलं, कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता. बाहेरची मापं, कडेच्या ओळींची पट्टी, आणि बरोब्बर मधे, आपल्या कवितेची जागा दाखवायला, एक सुबक आडवा चौकोन. चौकोनाच्या वर मधोमध एक छोटं वर्तुळ आणि वर्तुळात क्रूस. कवितेच्या वर क्रूस असावा, ही त्यांची हौस.

आता इथं आमच्या वर्कशॉपचा एक कायदा सांगायला हवा. पूर्वी कधीतरी उस्तादनं एका ड्रॉइंगमधल्या चौकोनाबद्दल शंका विचारली होती, ते विचारणं-सांगणं दोन दिवस चाललं, आणि डिलिव्हरी चुकली. तेव्हा सर मशीनपाशी उभे राहून गरजले होते, "ड्रॉइंग में चौकोन दिखा, काटो! गोल में प्लस दिखा, छेद मारो! पूछना नहीं! शायर से मतलब नहीं पूछते!" एवढ्यावर न थांबता त्यांनी भिंतीवर मार्करनं मोठा चौकोन आणि मोठं वर्तुळ काढून ठेवलं होतं. चौकोन म्हणजे सिंक, वर्तुळ म्हणजे नळ. त्या दिवसापासून उस्ताद पूछत नव्हता.

त्या दुपारी सर आणि मी बँकेच्या कामाला गेलो होतो. परत आलो तर दगड स्टँडवर, चकाचक पुसलेला. मधोमध डबल बाऊलचं सिंक बसेल असं भगदाड, कडा गोल घासून पॉलिश केलेल्या, आणि त्याच्या वर नळाचं भोक. काम इतकं सफाईदार होतं की मी आधी "वा" म्हटलं. मग मला कळलं मी काय बघते आहे.

सर त्या भोकातून पलीकडं बघत उभे राहिले. पलीकडून उस्ताद बघत होता.

"ये क्या किया?"

"सिंक, साब."

"कबर में सिंक?"

उस्ताद गोंधळला. त्यानं भिंतीवरचा चौकोन दाखवला, मग ड्रॉइंगमधला चौकोन दाखवला. "मैं सोचा था पूछूँ," तो म्हणाला, "फिर सोचा, शायर साब है. मतलब नहीं पूछते."

सर ओरडतील म्हणून आम्ही सगळे श्वास धरून उभे. ते एका उलट्या बादलीवर बसले. कवितेची जागाच गेली होती. कापलेला तुकडा भिंतीला टेकवलेला, त्याची उस्तादनं कुणाच्या तरी वॉश बेसिनसाठी आधीच आखणी सुरू केली होती.

नेमक्या त्याच वेळी आंटी आल्या. शाळा सुटली की त्या कधी कधी सरांना घ्यायला यायच्या, त्यांच्या गाडीचा एसी जास्त बरा होता. त्यांनी दगड पाहिला. त्याच्या कडेला पेन्सिलनं आखलेली पणजोबांची जागा ओळखली, आजोबांची ओळखली, आणि मग ते भोक, मग नळाचं भोक. आधी त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग खांदे हलायला लागले. मग त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की बिहारी पोरांनी धावत जाऊन खुर्ची आणली. लायब्ररीत आयुष्य काढलेली बाई, तिच्या तोंडून एवढा आवाज निघू शकतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. सर बादलीवर बसून बायकोकडं बघत होते. त्यांना बहुतेक ही बाई नवीन होती.

हसू ओसरल्यावर आंटी उठल्या, भोकात हात घालून फिरवला. "इथं माती येईल," त्या म्हणाल्या. "मोगरा लावता येईल. एवढा मोठा दगड अंगावर घ्यायचा म्हणजे... पण हे बरं आहे. हवा येते."

सरांनी सावकाश विचारलं, "मग येशील?"

आंटींनी डोळे पुसले. "बघू," त्या म्हणाल्या.

गाडीत बसायच्या आधी ते ऑफिसात येऊन मला म्हणाले, "हाच दगड जाणार." मी म्हटलं, "सर, तुमच्या ओळी? कडेला बारीक अक्षरात बसवू. काकांच्या बाजूला जागा आहे."

"नको. तिनं बघू म्हटलंय. आता मधे काही बोलायचं नाही."

"मग तुमचं नुसतं नाव?"

"नुसतं नाव," ते म्हणाले. "काकांना तेवढीच सोबत."

आणि त्या दिवसानंतर त्यांनी ती कविता म्हटली नाही. वर्कशॉपात नाही, घरी नाही. उस्ताद सवयीनं गुणगुणायचा, तर त्यालाही हातानंच थांबवायचे. सकाळ मोकळी मोकळी वाटायला लागली. मी खोटं सांगणार नाही, मला पहिले काही दिवस बरं वाटलं. नंतर नाही वाटलं.

कडेच्या ओळी कोरून झाल्यावर दगड खोर फक्कान बंदरातून बोटीनं गेला. कागदावर काय लिहायचं, हा प्रश्न आला. कबरीचा दगड लिहिलं की दहा शंका निघणार. सरांनी एकदा दगडाकडं बघितलं आणि मला सांगितलं, "किचन काउंटरटॉप विथ सिंक कट-आउट. खोटं काय आहे त्यात?" मुंबईला कस्टमवाल्यानं पेटी उघडली, कडेनं कोरलेल्या कविता वाचल्या, आणि पुतण्याला म्हणाला म्हणे, "फार धार्मिक किचन दिसतंय तुमचं." आणि सोडून दिलं.

पुढं ते रिटायर झाले आणि दोघं वसईला गेले. आंटींच्या 'बघू'चं काय झालं, हे फोनवर विचारायचं माझ्या जिवावर यायचं. सर स्वतःच सांगायचे, "अजून बघतेय. नाही म्हणाली नाही." हे ते अशा आवाजात सांगायचे की जणू लॉटरीचा अर्धा नंबर लागला आहे. मग एका वर्षी पुतण्याचा मेसेज आला. ते झोपेत गेले होते. मी ऑफिसातच होते. उस्तादला सांगितलं तर त्यानं मशीन बंद केलं, आणि टायरवाला विचारायला आला की आज आवाज का नाही.

मला जायला जमलं ते नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी. त्या दुपारी अख्खं गाव दफनभूमीत असतं. कबरी धुऊन पुसून फुलांनी सजवलेल्या, जिथं तिथं मेणबत्त्या, फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत चाललेले. बरोबर माझी मुलगी होती, शारजात वाढलेली. कवींच्या कबरीपाशी आलो तर ती मोठ्यानं म्हणाली, "मम्मी, व्हाय इज देअर अ सिंक?" शेजारच्या कबरीवरच्या एक बाई म्हणाल्या, "सगळेच विचारतात, बाळा." सिंकच्या भोकात मोगरा चांगला धरला होता. नळाच्या भोकात कुणीतरी लाकडी क्रूस रोवला होता आणि तो अगदी घट्ट बसला होता. डाव्या बाजूला सरांचं नाव. उजवी बाजू कोरी.

आंटी एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मोगऱ्याची पिवळी पानं खुडत होत्या. बारीक झाल्या होत्या. मला जवळ बसवलं, मुलीला चिक्की दिली. इकडची तिकडची चौकशी झाली. मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "बाय, एक विचारू? ह्यांची ती कविता तुला पाठ आहे का?"

"आंटी, तुम्हालाच पाठ असेल की. रोज तर म्हणायचे."

"पहिल्या दोन ओळी आहेत. 'मालक म्हणाला'च्या पुढं मी कधी ऐकलीच नाही. मी फॅन लावायची ना. नंतर त्यांनी म्हणायचीच बंद केली, आणि मग विचारायची लाज वाटली."

मला वाटलं होतं, त्यांनी घरी नक्की ऐकवली असेल. पुरी झाली त्या दिवशी तरी. नव्हती ऐकवली. मी टाइप केलेली गोष्ट विसरत नाही. मी पहिल्यापासून म्हटली, त्यांच्यासारखीच, 'शेतावर'पाशी जरा थांबून:

"भाड्याच्या घरी उमर गेली, भाडे भरले वेळेवर;
मालक म्हणाला, 'यल्ला, आता जा आपल्या शेतावर.'
आलो आहे. अंग टाकले. उजवी बाजू केली रिती;
दिवसभराचे तूच सांग, मी बोललो आधीच किती."

आंटी वाट बघत राहिल्या.

"पुढं?" त्या म्हणाल्या.

"झाली, आंटी. एवढीच आहे."

"एवढीच?"

"एवढीच."

"मला वाटायचं, फार लांब आहे," त्या म्हणाल्या. हातातली पिवळी पानं त्यांनी पदरात ठेवली.  फादर दोन कबरी पलीकडं येऊन पोचले होते. मग त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, चष्मा वर करून नंबर शोधला आणि कानाला लावला.

"हॅलो, अरे मी बोलते. ती आईच्या शेजारची जागा धरली आहेस ना माझ्यासाठी, ती तू तुझ्या बायकोला दे. ... नाही रे, बरी आहे मी, मला काय झालंय. ... अरे नको म्हणते ना! मला इथं बोलायचं आहे पुष्कळ."